रक्तदाब उतरवणारी मुळी

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दुपारी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका मोजला गेला होता. दाब वाढतो आहे हे डॉक्टरांना आधीपासून दिसत होते, पण तो उतरवणारे भरवशाचे औषध जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखासाठीही उपलब्ध नव्हते. विश्रांती, मीठ कमी, झोपेची गोळी, फारच झाले तर पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंची गाठ कापून टाकणारी शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. काही ठिकाणी रुग्णाला महिनोन् महिने बिनमिठाचा भात आणि फळे खायला घालत. अनेक डॉक्टरांचे तर असेही मत होते की वाढलेला दाब शरीराची गरज आहे, त्याला हात लावू नये.

त्यानंतर साडेचार वर्षांनी, १९४९ साली, इंग्लंडमधल्या ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात मुंबईच्या एका डॉक्टरचा लेख आला. भारतात उगवणाऱ्या एका झुडपाच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, असे त्यांनी ५० रुग्णांवरच्या निरीक्षणातून दाखवले होते. हे डॉक्टर म्हणजे रुस्तम जाल वकील.

आज दवाखान्यात वाढलेल्या दाबाइतकीच, किंबहुना जास्त हौसेने सांगितली जाते ती उलट तक्रार: बीपी लो झाले. थकवा आला, चक्कर आली, हातपाय गळाले, की बीपी लो. त्यातले पुष्कळ वेळा खरे नसते. पण जे खरे असते, त्यात दाबाच्या गोळीनेच दाब खाली गेलेल्या रुग्णांचा वाटा मोठा असतो. रक्तदाब औषधाने खाली आणता येतो, हे वकिलांनी पाश्चात्त्य वैद्यकाला पटवून दिले आणि त्याच दिवसापासून तो किती खाली आणायचा, कोणाचा आणायचा, हा प्रश्नही सुरू झाला.

वकिलांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईच्या पारशी कुटुंबात झाला. तलासरी तालुक्यातल्या झरीसारख्या सीमेवरच्या गावातून गुजरातच्या हद्दीत शिरले की थोड्याच अंतरावर संजाण लागते. इराणातून आलेले पारशी प्रथम तिथे स्थिरावले, अशी परंपरा आहे. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांमुळे पारशी आणि इराणी कुटुंबे या पट्ट्याला नवी नाहीत. वकिलांचे आयुष्य मात्र मुंबई आणि लंडन या दोन शहरांत घडले. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले, तिथेच एम.डी. झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधी मुंबईला परतले. परळच्या केईएम रुग्णालयात ते मानद डॉक्टर म्हणून रुग्ण पाहू लागले. त्या काळी हृदयरोगतज्ज्ञ ही वेगळी जात भारतात जवळजवळ नव्हतीच. स्टेथोस्कोप, बीपीचे पाऱ्याचे यंत्र, क्ष-किरण आणि साधा ईसीजी, यांवरच निदान करायचे.

ज्या मुळीमुळे त्यांचे नाव झाले, ती त्यांनी शोधलेली नव्हती. सर्पगंधा हे गुडघ्याएवढे झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत अनेक ठिकाणी उगवते. एकेका पेरावर तीन-चार पाने, पांढरी फुले, पिकली की काळपट होणारी फळे, आणि जमिनीखाली कडू जहर मूळ. साप चावला, ताप आला, झोप उडाली, डोके फिरले, अशा कितीतरी कारणांनी ही मुळी दिली जाई. बिहारात तिला वेड्याचे औषध अशा अर्थाचेच नाव होते. सर्पदंशावर तिचा काहीही उपयोग नाही, हे इथेच सांगून टाकलेले बरे. घोणस किंवा फुरसे चावल्यावर मुळी उगाळत बसण्यात गेलेला तास जिवावर बेततो. प्रतिविष रुग्णालयातच मिळते.

आधुनिक शास्त्राने या मुळीकडे पाहिले ते १९३१ साली. दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्यातले अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हटले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर चालते, असे प्रसिद्ध केले. पुढे कर्नल रामनाथ चोप्रांच्या कलकत्त्यातील प्रयोगशाळेत प्राण्यांवर प्रयोग झाले. हिमालय ड्रग कंपनीने मुळीच्या गोळ्या सर्पिना या नावाने बाजारात आणल्या आणि देशातले बरेच डॉक्टर त्या लिहून देऊ लागले. म्हणजे भारतात हे औषध चालू होते, फक्त जगाला त्याचा पत्ता नव्हता. भारतीय नियतकालिके लंडन-बोस्टनला वाचली जात नसत आणि जी वाचली जात, त्यांत असल्या झाडपाल्याला जागा नसे.

वकिलांचे काम सुरू होते ते इथे. औषध देऊन रुग्णाला बरे वाटले, एवढ्यावर त्यांनी भागवले नाही. रक्तदाब हा अत्यंत चंचल आकडा आहे. डॉक्टरला पाहून वाढतो, दुसऱ्या भेटीत आपोआप उतरतो, रुग्णालयात दोन दिवस पडून राहिले तरी उतरतो. त्यामुळे औषधाआधीचा दाब, औषध चालू असतानाचा आणि ते थांबवल्यानंतरचा दाब अशी मोजणी करून मुळीचा गुण कोणता आणि विश्रांतीचा कोणता, हे वेगळे करणे भाग होते. बहुतेक रुग्णांचा दाब औषधावर खाली आला. तो एका दिवसात आला नाही, हळूहळू काही आठवड्यांत आला आणि औषध थांबवल्यावरही लगेच उसळला नाही. आजच्या निकषांवर तो अभ्यास साधा वाटेल. पण त्यात मोजणी होती, तक्ते होते, दुष्परिणामांची नोंद होती आणि तो अशा ठिकाणी छापला गेला की जगातल्या हृदयतज्ज्ञांना तो टाळता येईना. १९५५ साली अमेरिकेतल्या सर्क्युलेशन या नियतकालिकात त्यांनी सर्पगंधेवरील तोवरच्या साहित्याचा आढावाही लिहिला.

त्या लेखानंतर बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांवर वापरल्या आणि त्यांनाही तसाच अनुभव आला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रेसरपीन. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. कलकत्त्याच्या सेन-बोस यांनी एकाच मुळीबद्दल जे दोन दावे केले होते, ते दोन्ही वीस-पंचवीस वर्षांनी सातासमुद्रापार मान्य झाले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा अल्बर्ट लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल त्याचा मान. पुढच्या वर्षी भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि १९६५ साली भटनागर पुरस्कार.

रेसरपीन नेमके काय करते, हे समजले की लो बीपीचे अर्धे कोडे सुटते. माणूस आडवा असतो तेव्हा रक्त अंगभर सारखे पसरलेले असते. तो उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. मेंदूला कमी पडू नये म्हणून मानेतल्या आणि छातीतल्या रोहिण्यांवरचे दाब ओळखणारे मज्जातंतू तत्काळ खबर देतात. रक्तवाहिन्यांभोवतीच्या तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलीन हे रसायन सुटते, वाहिन्या आवळतात, हृदय थोडे वेगाने धावते. हे सगळे काही सेकंदांत होते, त्यामुळे आपल्याला कळतही नाही. रेसरपीन त्या टोकांमधला नॉरॲड्रेनलीनचा साठाच रिकामा करते. वाहिन्या सैल राहतात, दाब उतरतो. मात्र उभे राहताना आवळण्याची ताकदही तेवढ्याने कमी होते, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

वकिलांच्या लेखाच्या सुमारासच इंग्लंडमध्ये हेक्सामेथोनियम नावाचे दुसरे औषध पुढे आले होते. ते मज्जातंतूंचा संदेश वाटेतच तोडून टाकी. दाब धाडकन उतरे, पण रुग्ण उभा राहिला की कोसळे. डोळे अंधुक, तोंड कोरडे, लघवी तुंबलेली. त्यापुढे सर्पगंधेची मुळी सौम्य होती. तिच्या मंदपणालाच काही डॉक्टर नावे ठेवत, पण रुग्णाच्या दृष्टीने तोच तिचा गुण होता. वर्षानुवर्षे १८०-२०० वर राहिलेल्या दाबाला मेंदूच्या रक्तवाहिन्या सरावलेल्या असतात. असा दाब एका रात्रीत १२० वर आणला तर आकडा सुंदर दिसतो आणि रुग्णाला पक्षाघात होऊ शकतो. दाब फार वाढलेला दिसताच जिभेखाली गोळी फोडून तो झटकन पाडण्याची पद्धत याच कारणाने मागे पडली.

सर्पगंधेचेही दोष होतेच. नाक चोंदणे, जुलाब, पोटातले आम्ल वाढणे, नाडी मंद होणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे मन खचणे. पन्नासच्या दशकात रेसरपीन मोठ्या मात्रेत दिले गेले आणि काही रुग्णांना गंभीर नैराश्य आले. पुढे मात्रा खूप कमी झाली. एडवर्ड फ्रीस यांच्या अमेरिकेतील १९६७ सालच्या प्रसिद्ध चाचणीत रेसरपीन, लघवी वाढवणारी गोळी आणि हायड्रॅलझीन असे तीन औषधांचे मिश्रण वापरले गेले. तोवर केवळ अंदाज असलेली गोष्ट त्या चाचणीने सिद्ध केली: फार वाढलेला दाब उतरवल्याने पक्षाघात आणि हृदय निकामी होणे खरोखर टळते. आपल्याकडे अडेल्फेन या नावाने मिळणाऱ्या गोळीत रेसरपीनच असे. घरातल्या आजोबांच्या डब्यात ती पट्टी पाहिलेले वाचक आजही असतील.

नवी औषधे आली तशी ही गोळी मागे पडली, पण दाब गरजेपेक्षा खाली जाण्याचा प्रश्न तिच्याबरोबर गेला नाही. तलासरी-डहाणूच्या भागाचेच बघा. साठीच्या शेतकऱ्याला वर्षभर दाबाची गोळी चालू असते. तिच्यात बहुधा लघवी वाढवणारे औषधही असते. जुलैत भातलावणी सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून काम, घाम, अवेळी जेवण. त्यात दूषित पाण्याने जुलाब-उलट्या लागतात. शरीरातले पाणी आणि मीठ निघून जाते आणि गोळी मात्र नेमाने घेतली जाते, कारण बीपीची गोळी कधीही चुकवू नका असेच त्याला बजावलेले असते. वाकलेला माणूस सरळ होतो आणि बांधावरच पडतो. इथे उपाय सरळ आहे: आडवे करावे, पाय उंच ठेवावेत, शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट घालून थोडेथोडे पाजावे, आणि उलट्या-जुलाब थांबेपर्यंत दाबाच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे त्याच दिवशी डॉक्टरला विचारावे. गोळी कधी थांबवायची हे रुग्णाला आधीच सांगून ठेवणे, हा खरे तर ती लिहून देण्याचाच भाग आहे आणि आपल्याकडे तोच सर्रास राहून जातो.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट आणखी नाजूक. वयाबरोबर ती मानेतली खबर देणारी यंत्रणा मंदावते. जुना मधुमेह असेल तर तंतूच झिजलेले असतात. त्यात प्रोस्टेटसाठी एक गोळी, झोपेसाठी एक, दाबासाठी दोन. दवाखान्यात खुर्चीत बसवून मोजलेला दाब १४० निघतो आणि सगळे ठीक आहे असे समजले जाते. पहाटे लघवीला उठल्यावर तोच १०० वर येतो आणि खुबा मोडतो. त्यामुळे अशा रुग्णाचा दाब पाच मिनिटे झोपवून आणि मग उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजायला हवा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्करीचे कारण सापडले. मग कोणती गोळी कमी करता येईल हे पाहायचे. उठताना आधी काठावर बसणे, पोटऱ्या आवळून सोडणे, एकदम पोटभर न जेवणे, दारू टाळणे, या साध्या गोष्टींनीही पुष्कळ फरक पडतो.

याच्या अगदी उलट रुग्ण म्हणजे ९०/६० दाब असलेली सडपातळ तरुणी. तिला काही त्रास नसेल तर हा आजार नव्हे, तिची ती प्रकृती आहे. तिला थकवा असेल तर तो बहुधा रक्त कमी असल्यामुळे. म्हणजे तपासायचे ते हिमोग्लोबिन, आणि या पट्ट्यातल्या आदिवासी मुलींमध्ये सिकलसेलही. मीठ-पाणी पिऊन रक्त वाढत नाही. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत दाब थोडा उतरतो, तेही नैसर्गिक आहे. पण दिवस गेलेल्या बाईला पोटात दुखून घेरी आली, किंवा बाळंतपणानंतर रक्त जात असताना दाब उतरला, तर तिथे एक मिनिटही थांबायचे नसते.

वकिलांचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही माहीत आहे ते मुळीमुळे कमी आणि एका पुस्तकामुळे जास्त. डॉ. अस्पी गोलवाला यांच्याबरोबर त्यांनी रुग्ण कसा तपासावा यावर पाठ्यपुस्तक लिहिले. भारतातल्या कितीतरी पिढ्या त्यावरून नाडी पाहायला, जीभ पाहायला, हाताची उष्णता जोखायला शिकल्या. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाची १९६९ सालची पहिली आवृत्तीही त्यांनीच संपादित केली. हृदयविकाराचा झटका येण्याआधीच्या धोक्याच्या अवस्थेवर त्यांनी साठच्या दशकात लिहिले, तेव्हा आजची अतिदक्षता विभागांची व्यवस्था आपल्याकडे रुळलेली नव्हती.

लो बीपीच्या बाबतीत ही जुनी तपासणीच आधी कामी येते. दाब ८५ आहे, पण हात उबदार, बोलणे स्वच्छ, लघवी नेहमीसारखी, तर वेळ आहे. दाब ९५ आहे, पण हातपाय थंड आणि घामट, नाडी धाग्यासारखी, लघवी तुटलेली, माणूस गुंगीत किंवा बडबडणारा, तर तो शॉक आहे. कारण जंतुसंसर्ग असेल, हृदयविकाराचा झटका असेल, आतला रक्तस्राव असेल, घोणशीचा दंश असेल किंवा एखाद्या इंजेक्शनची ॲलर्जी. तिथे लिंबू-सरबत पाजत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णाला हलवावे. सलाईनही प्रत्येकाला सारखे चालत नाही. जुलाबाच्या रुग्णाला जे वाचवते, तेच हृदय कमजोर असलेल्याच्या फुप्फुसात पाणी भरते. अशा हृदयरुग्णाचा दाब औषधांमुळे १०० च्या आसपास राहतो आणि त्याला ते मानवते. शेजाऱ्याच्या सल्ल्याने त्याने मीठ वाढवले तर पाय सुजून तो पुन्हा खाटेवर येतो.

आणखी एक रुग्ण सहसा ध्यानात येत नाही. महिनोन् महिने दाब कमी, वजन उतरते आहे, खारट खावेसे वाटते आणि तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडत चालल्या आहेत. लंडनच्या टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली वर्णिलेला हा मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा आजार. आपल्या देशात त्याचे एक महत्त्वाचे कारण क्षयरोग आहे, म्हणून पूर्वी टीबी झालेल्या माणसाच्या लो बीपीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. निदान झाले तर स्वस्त गोळ्यांवर असा माणूस वर्षानुवर्षे कामावर जातो.

सर्पगंधेचे पुढे काय झाले, तेही या गोष्टीत येते. जगभरातून मागणी आली तशी जंगलातली झुडपे मुळासकट उपटली गेली. मूळच हवे असल्याने झुडूप मागे राहत नाही. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तरीही मुळीची पूड झोपेसाठी किंवा दाबासाठी विकली जाते, आणि झाडपाल्याचे म्हणून रुग्ण ती डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबरच घेतात, सांगत मात्र नाहीत. दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पिशवीत ही पुडीही टाकावी. मंद नाडी आणि उतरलेला दाब यांचे कारण कधीकधी तिथेच निघते.

डॉ. रुस्तम वकील नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी वारले. अडेल्फेन त्या वेळी देशातल्या औषधांच्या दुकानांतून सर्रास विकली जात होती.